सतरा नंबरचं फळ कोण खाणार

माझे मामा रोपवाटिकेत मुकादम होते. म्हणजे त्यांच्या हाताखाली तीन बायका, दोन माळी, एक गळका नळ आणि चाळीस हजार रोपं होती, आणि यांतलं कोणीही त्यांचं ऐकत नसे. नळ तर अजिबातच नाही. जंगलात जिथे जिथे झाडं तोडली गेली असतील तिथे लावायला ही रोपं जात. मामा रोपांशी अरे-तुरे करत, माणसांशी अहो-जाहो करत, आणि मामींशी बोलायचं असलं की आधी घसा साफ करून घेत.

रोपवाटिकेच्या यादीत एकेचाळीस जातींची झाडं होती आणि प्रत्येकीला नंबर होता. झाडांना नावं नव्हती असं नाही, पण ती लांबलचक होती आणि फलकावर मावत नसत. त्यामुळे मामा जेवताना अचानक म्हणायचे, "आज चार नंबरला ताप आहे," आणि नवखा पाहुणा चिंतेत पडायचा. मी लहानपणी आकडे शिकले ते झाडांवरूनच. शाळेत बाईंनी सतरा म्हणजे काय विचारलं तेव्हा मी 'उगवत नाही' असं उत्तर दिलं होतं.

ते उत्तर तेव्हा चूक ठरलं, पुढे मात्र अगदी बरोबर निघालं. सतरा नंबरचं झाड उंच, गडद पानांचं, आणि त्याला बोराएवढी जांभळी फळं लागत. मामांनी त्याचं बी दरवर्षी पेरलं आणि सलग चोवीस वर्षं एकही कोंब वर आला नाही. मग नव्या अधिकारी मॅडम आल्या. त्यांनी दोन रिकामे वाफे पाहिले आणि शांतपणे सांगितलं की महिन्याअखेर निदान एक रोप दिसलं नाही, तर सतरा नंबर यादीतून काढून टाकू आणि वाफे एकोणतीस नंबरला देऊ. एकोणतीस नंबर गटारात फेकला तरी उगवतो. त्याच महिन्याअखेर मामा निवृत्त होणार होते.

एखाद्या शहाण्या माणसाने बरं म्हटलं असतं. मामांनी मनावर घेतलं. आमच्या आजोळी हट्ट रक्तातच आहे, मला माहीत आहे कारण माझ्याही अंगात त्यातलं पुरेसं आलं आहे. त्यांनी बी गरम पाण्यात घातलं, गार पाण्यात घातलं, पॉलिश पेपरने घासलं, व्हिनेगरमध्ये बुडवलं. फ्रीजमधली अंडी बाहेर काढून अंड्यांच्या खणात बी ठेवलं. मामींनी अंडी परत आत ठेवून बी बाहेर काढलं. हा खेळ आठवडाभर चालला आणि त्यात बी उगवलं नाही, पण अंडी मात्र गेली.

शेवटी एके दुपारी मामा माझ्या लॅबमध्ये आले. मी रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. बाकावर चार रुग्ण बाटल्या धरून बसले होते, त्यांच्या ओळीत मामा पिशवी धरून बसले. नंबर लागल्यावर त्यांनी मला सांगितलं की सकाळी ते जंगलात जाऊन आले. सतरा नंबरची सहा म्हातारी झाडं अजून उभी आहेत, आणि प्रत्येकाखाली फळांचा घोटाभर सडा पडून कुजतो आहे. एकाही फळाला कोणी तोंड लावलेलं नाही.

"पूर्वी हे फळ खाली पडतच नव्हतं गं," ते म्हणाले. "धनेश यायचे. भल्या मोठ्या चोचीचे. आख्खं फळ गिळायचे, लांब उडत जायचे आणि बी तिकडे टाकायचे. मला आठवलंच नाही. चोवीस वर्षं मी बियांना दोष देतोय."

मी म्हटलं, गरच काढायचा असेल तर धुऊन टाका ना. तर ते म्हणाले की तेही झालं. गर गेला तरी वर एक चिवट पापुद्रा राहतो, तो पोटातल्या उबेने आणि रसानेच सुटतो. शिवाय झाडाखालीच पडलेलं बी बुरशीला आणि किड्यांना आयतं सापडतं. आईच्या पदराखाली राहिलं की वाढ खुंटते, हे मला पटलं. माझा मोठा भाऊ अडतीस वर्षांचा आहे आणि त्याला अजून स्वतःचा टॉवेल सापडत नाही.

मग धनेश कुठे आहेत, असं मी विचारलं. मामा पिशवीतून एक फळ काढून त्याच्याकडे असं बघू लागले की त्यांचा बेत मला लगेच कळला. मी म्हटलं, मामा, अजिबात नाही.

त्यांनी घरी जाऊन गिळलंच. अर्थात ते घशातच अडकलं. मामी चपला घालून बाहेर निघाल्या होत्या, त्या तशाच मागे वळल्या आणि त्यांनी मामांच्या पाठीत एक असा दणका घातला की फळ तोंडातून सुटलं ते थेट समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर आदळलं. ते घड्याळ मामांना तरुणपणी खात्याकडून बक्षीस मिळालेलं. त्या दणक्यापासून ते सात मिनिटं मागे चालतं. मामींनी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि मग जे बोलायला लागल्या ते मी संध्याकाळी पोचले तरी चालूच होतं. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की लग्न ठरवताना मुलगा नोकरीला आहे एवढंच सांगितलं होतं, पक्षी आहे हे सांगितलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवरही प्रयोग झाला. कोंबडीच्या पोटात खडे असतात, तिने बियांचं पीठ केलं. मग मामांना प्राणिसंग्रहालय आठवलं.

तिथे एक धनेश होता. एकच. पिंजऱ्यांवर देखरेख करणारा राखणदार त्याला अण्णा म्हणायचा. राखणदार मोठा शिस्तीचा माणूस, खाऊ घालू नये या पाटीखाली स्वतः डबासुद्धा खात नसे. मामांनी त्याला सतरा नंबरची सगळी हकीकत सांगितली. कोणीतरी गुपचूप खायला घालण्याऐवजी रीतसर परवानगी मागतो आहे, याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की त्याने वरून मंजुरी आणली. अट एकच, फळं स्वच्छ धुतलेली हवीत.

रविवारी मीही गेले. अण्णा फांदीवर बसला होता, पिवळी चोच, डोळ्यांवर चक्क पापण्या, आणि चेहरा असा की यानेच आपल्याला भेटीची वेळ दिली आहे. मामांनी जांभळं फळ ताटलीत ठेवलं. अण्णाने आधी ताटलीकडे पाहिलं, मग मामांकडे, मग ताटली चोचीने अलगद उलटी केली आणि शेजारचं केळं खाल्लं. दुसरं फळ त्याने उचलून खाली टाकलं. तिसऱ्याला शिवलाच नाही.

मामांचा चेहरा पडला. राखणदार म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, त्याला ते फळ आहे हेच माहीत नाही. लहान पिल्लू असताना आणला होता, डोळेही धड उघडले नव्हते. तेव्हापासून केळं आणि उकडलेलं अंडं. आईबापांनी भरवलं असतं तर कळलं असतं. तुमच्याच जंगलातला आहे हा, राखणदार पुढे म्हणाला, एक ढोलीचं झाड तोडलं तेव्हा आत सापडला. सव्वीस वर्षं झाली.

मामा तडक बसस्टॉपकडे चालू लागले. मला वाटलं, फळ खाल्लं नाही म्हणून रुसले. मी त्यांना चिडवायलाही लागले होते. तर ते बाकावर बसले आणि समोर बघत म्हणाले, "तेव्हा मी रोपवाटिकेत नव्हतो. खुणा करायचं काम होतं माझ्याकडे. पोकळ झाड दिसलं की पांढरा पट्टा ओढायचा, दुसऱ्या दिवशी तोडणारे यायचे. पोकळ लाकडाचा उपयोग काय, असं म्हणायचे सगळे, मीही म्हणायचो. चारशे बारा झाडं मी संपवली. जंगल नीटनेटकं केलं म्हणून ते घड्याळ मिळालं मला."

धनेश ढोलीतच घरटं करतो हे एव्हाना मलाही माहीत होतं. मादी आत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. ढोल्या गेल्या म्हणून पक्षी गेले, पक्षी गेले म्हणून सतरा नंबरचं बी रुजेना, आणि या सगळ्याच्या टोकाला माझे मामा हातात ब्रश घेऊन उभे होते. ज्या माणसाला मुंगी मारवत नाही तो. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. बस आली तेव्हा आम्ही दोघंही चढायला विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून मामा इरेला पेटले. अण्णाला फळ खायचं ठाऊक नसेल तर शिकवायचं, एवढाच त्यांचा हिशेब. धनेश फळ चोचीच्या टोकात धरतो, वर उडवतो आणि घशात झेलतो. मामांनी घरात सराव सुरू केला. पहिलं फळ ट्यूबलाइटला लागलं, दुसरं फोडणीत पडलं, तिसरं डोळ्यात गेलं. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या की वरती रोज संध्याकाळी काय टपटपतं. मामींनी सांगितलं, यांची अक्कल.

रविवारी पिंजऱ्यासमोर मामांनी मान मागे टाकली आणि फळ उडवलं. ते कपाळावर पडलं. पुन्हा उडवलं, नाकावर पडलं. अण्णा फांदीवर पुढे सरकून बघू लागला. त्याच्या आयुष्यात माणसं आजवर नुसती उभी राहून गेली होती, असं काही कोणी केलं नव्हतं. अर्ध्या तासात वाघाच्या पिंजऱ्यापुढची गर्दी आमच्याकडे आली. एका बाईंनी आपल्या नवऱ्याला विचारलं की हे इथलेच आहेत का, आणि जेवण किती वाजता घालतात.

मामी त्या दिवशी केवळ नवऱ्याला घरी परत आणण्याच्या उद्देशाने आल्या होत्या. पंधरावं फळ मामांच्या चष्म्यावर फुटलं तेव्हा त्यांचा संयम सुटला. "द्या इकडे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तुमची मान सरळ नाही." त्यांनी फळ घेतलं, पदर खोचला, वर उडवलं आणि टप्पकन तोंडात झेललं. लगेच दुसरं. मग तिसरं. मामींच्या अंगात ही कला आहे हे त्यांनाही माहीत नसावं, कारण चौथ्यानंतर त्या स्वतःच गोंधळून तोंड भरून उभ्या राहिल्या.

अण्णा खाली उतरला. जाळीपाशी आला, मामींकडे पाहिलं, ताटलीतलं एक जांभळं फळ उचललं. चोचीच्या टोकात धरून क्षणभर थांबला. मग मान झटकून वर उडवलं आणि गिळलं. राखणदाराने पाटीखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पुढचं काम सोपं होतं, फक्त वेळखाऊ. अण्णा फळ गिळल्यावर दीड-दोन तासांनी बी तोंडातून परत टाकतो. मामा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्याची वाट बघत. अडचण एवढीच की अण्णा फळ फक्त मामींसमोर खाई. मामांनी दिलं की केळं. मामी रोज चारची बस धरून जाऊ लागल्या, रोज कुरकुरत, आणि रोज निघण्यापूर्वी आरशात बघून. चौथ्या दिवशी अण्णाने आपल्या ताटलीतला केळ्याचा तुकडा जाळीतून मामींना देऊ केला. धनेशाचा नर आवडत्या मादीला असंच भरवतो, अशी माहिती राखणदाराने दिली. मामींनी मामांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बघा, शिका जरा.

बी ठेवायला मामा माझ्या लॅबमधल्या रिकाम्या बाटल्या घेऊन जात. हे मी करू द्यायला नको होतं, कबूल. एकदा ते पाच बिया भरलेली बाटली मला दाखवायला आले आणि बोलता बोलता टेबलावर विसरले. बाटलीवर मोठ्या अक्षरांत १७ लिहिलेलं. त्या दिवशी आमच्याकडे सतरावे रुग्ण म्हणून एक निवृत्त हेडमास्तर आले होते, पोटाच्या तक्रारीसाठी. आमच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे अहवाल लिहिला की नमुन्यात पाच मोठ्या बिया सापडल्या, त्या अत्यंत निरोगी आहेत, रुग्णाने फळं चावून खावीत. मी संध्याकाळी धावत त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि खरा अहवाल दिला. हेडमास्तर जरा खट्टूच झाले. बायकोला ते दिवसभर सांगत होते की माझ्यात काहीतरी निरोगी आहे.

एकूण तेवीस बिया पेरल्या. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा वाफ्यात काहीच नव्हतं. तीन दिवस उरले, तरी काही नाही. मामा जेवेनात. मामींनी अण्णावर काही ठपका येऊ नये म्हणून मातीला नावं ठेवली. शेवटच्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला आणि मामा नुसते "तीन" म्हणाले. मी लॅबला उशिरा येते असं कळवलं आणि तशीच निघाले.

तीन कोंब होते. करंगळीएवढे, वाकडे, डोक्यावर बियांचं टरफल घेऊन उभे. मामा त्यांच्यापुढे मांडी घालून बसले होते आणि रडत होते. मीही रडले. तिघी कामकरी बायका आमच्याकडे बघून नळ दुरुस्त करायला निघून गेल्या.

अकराला मॅडम आल्या. त्यांनी वाकून कोंब पाहिले, शब्द दिल्याप्रमाणे सतरा नंबर यादीत कायम ठेवला. मग फॉर्म भरू लागल्या. बियांवर कोणती प्रक्रिया केली, या रकान्यात गरम पाणी, घासणे आणि इतर असे तीन पर्याय होते. मामांनी 'इतर' म्हटलं. तपशील विचारल्यावर म्हणाले, लिहा, धनेशाने खाल्लं, त्याला माझ्या बायकोने शिकवलं. मॅडमनी ते तसंच लिहिलं. बाई वाईट नव्हत्या. पेन बंद करता करता त्यांनी सहज विचारलं, पण मुकादम, ही झाडं मोठी होऊन फळाला आली की ती फळं खाणार कोण? पिंजऱ्यातला एक पक्षी?

मामा उठून खोलीत गेले आणि एक जाड कागद घेऊन आले. पुढच्या हंगामात तोडायच्या झाडांची यादी होती ती. पोकळ झाडं, बावीस. प्रत्येक झाडापुढे मुकादमाने लिहायचं असतं की तोडल्यावर त्या जागी कोणतं रोप लावणार आणि तसंच झाड उभं राहायला किती वर्षं लागतील. गेली कित्येक वर्षं सगळे डोळे झाकून तिथे 'एकोणतीस नंबर, पाच वर्षं' लिहीत. मामांनी बावीसही ओळींत वेगळंच लिहिलं होतं. मॅडमनी मोठ्याने वाचलं.

"'ढोलीसह तसंच झाड. एकशे वीस वर्षं.' अहो, पाच वर्षांच्या वर काही लिहिलं तर हा कागद खुलाशासाठी मुख्य कचेरीत जातो. आणि तिकडे गेलेला कागद..."

"मला माहीत आहे," मामा म्हणाले. "छत्तीस वर्षं नोकरी केली आहे मी या खात्यात."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कोंबांकडे पाहिलं. हे खोटं आहे का, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, या कागदावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं लिहिलं आहे. मॅडमनी सही केली, शिक्का मारला आणि कागद वर पाठवला.

त्याला आता दोन वर्षं झाली. कागद अजून वरच आहे. दोनदा स्मरणपत्र आलं, की खुलाशाचा खुलासा मागवला जात आहे, असं. तोपर्यंत बावीस पोकळ झाडांना कोणी हात लावू शकत नाही. सरकारी दिरंगाईला मी जन्मभर शिव्या दिल्या आहेत. आता देताना जरा आवाज खाली ठेवते.

तीन रोपं मामांनी स्वतः जंगलात नेऊन लावली. मामी अजून आठवड्यातून दोनदा अण्णाकडे जातात आणि नवा मुकादम बिया न्यायला येतो. गेल्या महिन्यात मी मामांबरोबर ती बावीस झाडं बघायला गेले. एका ढोलीत मधमाश्या होत्या, एकीत घुबडाने आमच्याकडे त्रासून पाहिलं, तोवर पाहिलेल्या बाकी रिकाम्या. मामा प्रत्येक झाडापाशी थांबून आत डोकावत होते. मी शेवटी विचारलं की धनेश कधी आलेच नाहीत तर.

"न येऊ देत," मामा म्हणाले. "पण आले तर जागा नाही असं या वेळी मी म्हणणार नाही."

आणि ते पुढच्या झाडाकडे निघाले. अजून नऊ बघायची बाकी होती.